रोजा बिघडतो सूर्यास्तानंतर

रमजानबद्दल जे काही बोलले जाते ते बहुतेक दिवसाबद्दल असते. ऊन किती, तास किती, पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही का? हा शेवटचा प्रश्न तर ऑफिसात, एसटीत, कॉलेजच्या कट्ट्यावर रोजेदाराला दरवर्षी नव्याने ऐकावा लागतो. खरे पाहता दिवस सांभाळला जातो. मार्चमध्ये रमजान आला की मुंबई-पुण्याकडे रोजा साधारण तेरा तासांचा असतो. बाजारात ओझी वाहणारे हमाल, मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर उभे राहणारे कामगार, परीक्षेला बसणारी मुले तो निष्ठेने पुरा करतात. सांभाळले जात नाहीत ते मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजीच्या, अजाननंतरचे तास.

रमजानमध्ये माणसाची आत्मिक वाढ अडते ती याच तासांत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या तासांची मांडणी एकटा रोजेदार करत नाही. काय शिजणार हे घर ठरवते, तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, किती वेळ चालणार हे मस्जिद कमिटी ठरवते, रस्ता किती वाजेपर्यंत जागा राहणार हे बाजार ठरवतो. तिघांनी मिळून जी रात्र उभी केली आहे तिच्यावर मोहल्ल्यात उघड चर्चा व्हायला हवी. तीही रमजानआधीच्या शाबान महिन्यातच, कारण एकदा चाँद दिसला की कुणालाच सवड नसते.

रोजाचा हुकूम हिजरी सन २ मध्ये मदिनेत आला. कुरआनच्या दुसऱ्या सूरेतल्या १८३व्या आयतीत त्याचे कारण एका शब्दात सांगितले आहे: तकवा. मराठीत हा शब्द ‘ईशभय’ असा उतरवतात, पण त्याच्या मुळाशी ‘जपणे, स्वतःला वाचवणे’ हा अर्थ आहे. काट्याकुट्यांच्या वाटेने कपडे सावरत चालावे तसे जगणे, अशी उपमा जुने आलिम देत आले आहेत. भूक ही त्या सावरण्याची तालीम. जी वस्तू एरवी हक्काची, हलाल, समोर ठेवलेली, तिच्याकडेसुद्धा हात न्यायचा नाही, ही सवय तीस दिवस लागली तर जे हराम आहे त्याच्यापासून हात मागे घेणे सोपे जावे. याच सूरेतल्या १८७व्या आयतीत रात्री खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे: पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा, प्या. ही मोकळीक सगळ्यांना पाठ असते. त्याच आयतीत पुढे मस्जिदीतल्या एतिकाफचा, म्हणजे इबादतीसाठी एकांतात बसण्याचा, उल्लेख आहे, तिथपर्यंत मात्र फारसे कुणी जात नाही. रात्रीला दोन्ही दिले आहे, ताट आणि एकांत. आपण ताट घेतले.

जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, हे पैगंबरांचे वचन बुखारींच्या संग्रहात आहे. इमाम गजालींनी (मृत्यू इ.स. ११११) रोजाच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली पोटाची आणि वासनेची, दुसरी डोळे, जीभ, कान, हात, पाय यांची, तिसरी मनाची. दुसऱ्या पायरीच्या अटी सांगताना ते इफ्तारपाशी थांबतात आणि विचारतात की दिवसभरात राहून गेलेले सगळे माणूस संध्याकाळी भरून काढणार असेल, वर इतर महिन्यांत न खाल्लेले प्रकार या महिन्यासाठी राखून ठेवणार असेल, तर वासना मोडायची कशी? नऊशे वर्षांपूर्वीच्या इराणातली ही तक्रार आज मुंब्र्यात किंवा मिरजेत जशीच्या तशी लागू पडते. मराठीत तर यासाठी म्हणच आहे, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’. उपवासाचे फराळात रूपांतर होणे हा कोण्या एका धर्माचा दोष नाही. पण आपल्याकडे त्याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण आपला रोजा सुटल्यानंतर रात्रीची सर्वांत लांब नमाज उभी असते.

नेमके बिघडते कसे ते पाहा. पावणेसातला अजान होते. खजूर, मग सरबताचे दोन ग्लास, भजी, समोसे, रोल, चाट, फळे आणि मगरिब घाईघाईने उरकून पुन्हा मुख्य जेवण. तेरा तास रिकामे असलेले पोट अर्ध्या तासात तळलेल्या पदार्थांनी आणि मैद्याने भरते. तेलकट अन्न जठरात जास्त वेळ राहते. त्यातच गोड सरबताने साखर झपकन चढते आणि तासाभरात उतरू लागते, म्हणून इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजीच्या, वेळी अंग जड होऊन डोळे मिटतात. वीस रकातींच्या (रकात म्हणजे नमाजीची एक आवृत्ती) तरावीहमध्ये ४० सजदे असतात, म्हणजे तितक्यांदा कपाळ जमिनीला टेकायचे. भरल्या पोटाने चाळीस वेळा वाकले की आंबट पाणी घशाशी येणारच. मग माणूस म्हणतो, ‘हाफिजसाहेब लांबवतात.’ हाफिजांनी, म्हणजे कुरआन पाठ म्हणणाऱ्यांनी, लांबवलेले नसते, ओझे पोटात असते.

पैगंबरांची रीत साधी होती. नमाजीआधी काही ओले खजूर, ते नसतील तर सुके, तेही नसतील तर पाण्याचे काही घोट. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, हे वचनही तिरमिजींच्या संग्रहात आहे. आजच्या घरात याचा अर्थ असा करता येईल: तीन खजूर, दोन ग्लास पाणी, एखादे फळ आणि लगेच मगरिब. नमाजीनंतर रोजचेच जेवण, भाकरी किंवा भात, डाळ, एक भाजी किंवा सालन, आणि तेही एकदाच. तळणाचा पदार्थ हवा असेल तर आठवड्यातून एक दिवस, बहुधा शुक्रवारी. पाणी विभागून प्यावे. दोन ग्लास इफ्तारला, दोन मगरिब-इशादरम्यान, दोन तरावीहनंतर, दोन सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला. सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी ढोसले तर ते सकाळी लघवीवाटे निघून जाते, दुपारपर्यंत टिकत नाही. सहरीला पापड, लोणचे, फरसाण टाळावे, कारण मीठ दुपारी बाराला तहान लावते. ज्वारीची भाकरी, अंडे किंवा डाळ, दही, केळे एवढ्यावर दिवस बराच आरामात निघतो. पहिल्या तीन-चार रोजांत होणारी डोकेदुखी बऱ्याचदा भुकेची नसते, चहा तुटल्याची असते. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात रोजचा एकेक कप कमी केला तर ती टळते. तंबाखू, मिसरी, सिगारेट यांचेही तेच. दिवसाचे तेरा तास ज्याने ती सोडली त्याने रोजा सोडताच पहिला हात तिच्याकडे नेला, तर महिन्यातली सर्वांत मोठी संधी रोज संध्याकाळी हातची जाते.

ताटाच्या या प्रश्नाची एक बाजू आहे जिच्याबद्दल मस्जिदीच्या बयानात क्वचितच ऐकू येते. असर (दुपारनंतरची नमाज) ते मगरिब हा वेळ दुआ कबूल होण्याचा मानतात. त्या सगळ्या वेळात घरातली बाई कढईसमोर उभी असते. पहाटे सगळ्यांच्या आधी, साडेतीनला तीच उठलेली असते. रात्री पुरुष तरावीहला जातात तेव्हा भांडी तिच्याकडे असतात. सहा पदार्थांचे दस्तरख्वान म्हणजे तिच्या तिलावतीचे (कुरआन वाचनाचे), तिच्या जिक्रचे (नामस्मरणाचे), तिच्या झोपेचे तास. घरातल्या पुरुषांची आध्यात्मिक उन्नती तिच्या वाट्याच्या वेळेवर उभी राहत असेल तर तो हिशेब चुकला आहे, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. पदार्थ दोनवर आणणे, फळे कापणे आणि भांडी घासणे पुरुषांनी करणे, ही या महिन्याची इबादतच आहे. पैगंबर घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजीची वेळ झाली की उठून जात, हे हजरत आयेशांनी सांगितले आहे. त्या सुन्नतीची पोस्टर्स कुणी लावत नाही.

आता तरावीह. हा शब्द ‘तरवीहा’चे अनेकवचन आहे आणि तरवीहा म्हणजे विसावा. दर चार रकातींनंतर थोडे बसायचे, म्हणून हे नाव. आज कित्येक ठिकाणी विसावाच नाहीसा झाला आहे. सत्तावीस रात्रींत कुरआन पुरा करायचा तर रोज एक पाऱ्याहून (कुरआनच्या तीस भागांतला एक) थोडे जास्त वाचावे लागते. नीट उच्चारांसह एक पारा वाचायला पाऊण तासाच्या आसपास लागतो, शिवाय रुकू-सजदे. शहरांत मात्र दहा दिवसांची, सहा दिवसांची, अगदी तीन दिवसांची तरावीह असते. दहा दिवसांची म्हणजे रात्रीला तीन पारे. तेही सगळ्यांना दीड तासात हवे असतात. मग अक्षरे एकमेकांवर चढतात आणि मागे उभ्या असलेल्यांना फक्त आयतींची टोके, ‘यालमून, तालमून’, ऐकू येतात. उर्दूत हा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे, यावरून रोग किती जुना आहे ते कळते. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात कुरआन संपवणाऱ्याला तो समजला नाही, असे खुद्द पैगंबरांनी म्हटले आहे. दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. दहा दिवसांत खत्म, म्हणजे कुरआन पुरा, झाला की ‘आपली तरावीह झाली’ असे समजून उरलेल्या वीस रात्री तरुण मस्जिदीकडे फिरकत नाहीत. कुरआन पुरा ऐकणे ही एक सुन्नत आणि महिनाभर तरावीह ही दुसरी, पहिलीने दुसरी फिटत नाही.

ज्यांच्या कामाच्या पाळ्या आडव्या येतात त्यांच्यासाठी घाईपेक्षा चांगला मार्ग आपल्याकडे आधीपासून आहे. ‘अलम तरा’पासून ‘नास’पर्यंतच्या, म्हणजे १०५ ते ११४ या दहा छोट्या सूरा दोनदा घेतल्या की वीस रकाती होतात. आठ रकाती पढणाऱ्यांनाही त्या पुरतात. संथ वाचल्या तर पाऊण तासात सगळे आटोपते आणि शब्द न् शब्द ऐकू येतो. जिथे रोज पारा होतो तिथे त्या रात्रीच्या भागाचा आशय पाच मिनिटांत बोलीत सांगावा. रत्नागिरी-रायगडच्या मस्जिदीत तो मराठीत सांगायला काहीच अडचण नाही, ऐकणाऱ्यांचे शिक्षण मराठीतच झालेले असते. घरी तिलावत करताना ज्याला अरबी येत नाही त्याने अर्धा पारा वाचावा आणि त्याचा अनुवादही वाचावा. तीन खत्म केले आणि एकाही आयतीचा अर्थ ठाऊक नाही, याला मी वाढ म्हणणार नाही. तिलावतीचे पुण्य मिळते यात शंका नाही. पण कुरआन या महिन्यात उतरला तो ‘लोकांसाठी मार्गदर्शन’ म्हणून, हे १८५व्या आयतीचे शब्द आहेत, आणि मार्ग समजल्याशिवाय चालता येत नाही.

झोपेचा हिशेबही मांडून पाहावा. तरावीह आणि तिच्यानंतरची वित्र नमाज सव्वादहाला संपतात. अकराला अंथरुणावर पडले आणि साडेचारला उठले तर साडेपाच तास मिळतात. दुपारी अर्धा तास पडायला मिळाले तर शरीर तेवढ्यावर चालते. सहरीला उठायचेच आहे तर वीस मिनिटे आधी उठून दोन-चार रकाती तहज्जुद, म्हणजे पहाटेआधीची ऐच्छिक नमाज, पढणे वर्षातल्या इतर कोणत्याही महिन्यापेक्षा सोपे जाते. पण अकराला घरी कुणी पोहोचतच नाही. मोहम्मद अली रोडला मिनारा मस्जिदीच्या गल्लीत तेव्हा कुठे गर्दी चढू लागते. लहान गावांतही चौकाचौकात पोरे दोन वाजेपर्यंत कॅरम, क्रिकेट, मोबाइल यांत असतात. मग दोघांपैकी एक होते. एकतर सहरीपर्यंत जागून, फजर (पहाटेची नमाज) कशीबशी पढून दुपारपर्यंत झोप, म्हणजे रोजा झोपेतच निघून जातो. नाहीतर तीन तासांच्या झोपेवर कामाला जाणे. चिडचिड, ग्राहकावर आवाज चढणे, बाइकवर डुलकी लागणे हे सगळे रोजाच्या खात्यावर मांडले जाते. त्यात रोजाचा दोष नसतो.

शेवटचे दहा दिवस तर फार वाईट रीतीने हातचे जातात. शबे-कद्र ही एक रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ, म्हणजे ८३ वर्षे आणि ४ महिने. ती या दहांतल्या विषम रात्रींत शोधायची, २१, २३, २५, २७, २९. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून २१वी रात्र म्हणजे विसावा रोजा सोडल्यानंतरची. नव्याने रोजे धरणारे इथे एक रात्र चुकतात. आपण पाच रात्रींतली २७वी तेवढी निवडली, तीही रोषणाई, लांबलचक बयान, खत्मची मिठाई यांत घालवली. उरलेल्या चार रात्री कपडे, चपला, बांगड्या आणि शीरखुर्म्याचा सुका मेवा घेण्यात जातात. ईदची खरेदी शाबानमध्ये किंवा फार तर पंधराव्या रोजापर्यंत आटोपली तर घर मोकळे होते. शिंप्याकडे कापड तेव्हाच टाकले तर त्याच्याही रात्री वाचतात. पूर्ण एतिकाफ विसाव्या रोजाच्या सूर्यास्तापूर्वी सुरू होऊन ईदच्या चाँदपर्यंत चालतो. नोकरदाराला दहा दिवस रजा मिळत नाही हे खरेच. पण इशाला मस्जिदीत शिरताना नफिल, म्हणजे ऐच्छिक, एतिकाफची नियत करून दोन तास फोन बंद ठेवून बसता येते. एखाद्या वृद्ध माणसाला कोपऱ्यात बसवून सबंध मोहल्ला सुटला, हे काही एतिकाफचे रूप नव्हे.

याला एक वजनदार उत्तर दिले जाते. रमजानचा बाजार ही गरिबांची वर्षाची कमाई आहे, तिथे सगळ्या धर्मांचे लोक येतात, मुलांना हा महिना आनंदाचा वाटतो, तो का हिरावून घ्यायचा? रोजेदाराला दोन आनंद आहेत, एक रोजा सोडताना आणि एक परमेश्वराच्या भेटीच्या वेळी, हे वचन मला मान्य आहे. त्यातला पहिला आनंद कमी करा असे मी म्हणत नाही. बाजार बंद करा असेही म्हणत नाही. पण त्याच बाजारात दुपारपासून कढईपुढे उभी असलेली, स्वतः रोजा धरलेली सोळा-अठरा वर्षांची मुले आहेत. त्यांना महिनाभरात एक तरावीह मिळत नाही. गाडीवाल्यांनी आळीपाळीने अर्ध्या मुलांना इशाला सोडणे, तरावीहच्या दीड तासात मस्जिदीच्या गल्लीतले स्पीकर बंद ठेवणे, रात्री बाराला आवरते घेणे, एवढ्याने कुणाचा धंदा बसत नाही. पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्यांबद्दल एकच सांगतो. ज्या वलीम्याला (लग्नाच्या जेवणाला) श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात त्याचे अन्न सर्वांत वाईट, असे पैगंबरांनी म्हटले आहे. त्या पंगतीत सफाई कामगार आणि रात्रपाळीचा वॉचमन बसलेला दिसला तर मलाही तिचे कौतुक वाटेल.

ताट लहान झाले की पैसा उरतो. तो कुठे जायला हवा हे मापून ठेवलेले आहे. हनफी पंथाच्या मोहल्ल्यांत फितरा, म्हणजे ईदचे दान, माणशी सुमारे १ किलो ६३३ ग्रॅम गहू किंवा त्याची किंमत. कोकणातल्या शाफई पंथाच्या घरांत माणशी एक साअ (जुने माप), सुमारे अडीच किलो, धान्यच, म्हणजे बहुतेक तांदूळ. तो ईदच्या नमाजीआधी पोचला पाहिजे. पण नमाजीला जाता जाता रस्त्यात वाटला तर ज्याला मिळाला त्याच्या घरी चूल कधी पेटणार? चार-पाच दिवस आधी द्यावा. जकातीत, म्हणजे मालमत्तेवरच्या सक्तीच्या दानात, एक चूक महाराष्ट्रात सर्रास होते. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची मर्यादा, साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने असा सांगतात. तो तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. त्यानुसार चांदी ६१२.३६ ग्रॅम आणि सोने ८७.४८ ग्रॅम होते. सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, म्हणून हिशेब ग्रॅममध्येच करावा. वर्षही चांद्र, ३५४ दिवसांचे. मार्चअखेरच्या हिशेबाने दरवर्षी जकात काढणाऱ्याची सुमारे ३३ वर्षांत एका वर्षाची जकात राहून जाते.

आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सवलत आहे, आणि ती घेणे ही कमजोरी नाही. मधुमेह असलेल्याने महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. ती ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तिथेच सोडावा.

चांद्र वर्ष लहान असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ साली तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. २०३० या एकाच वर्षात तो दोनदा येईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. तेव्हा मुंबईत रोजा बारा तासांच्या थोडा पुढे असेल, हवा थंड असेल, तहान जवळजवळ जाणवणार नाही. इफ्तार सव्वासहाच्या आसपास, सहरीची वेळ संपणार सहाच्या सुमारास. मधली रात्र पावणेबारा तासांची. इशाची जमात साडेसातला उभी राहिली तर विसाव्यासह तरावीह करूनही साडेनऊला घरी पोचता येईल, सात तास झोपता येईल, आणि सहरीआधी तासभर मोकळा मिळेल.